गिऱ्हाइकाचे नाव न घेता

लहान मोटार कोणती, याचे उत्तर भारतात सरकार लांबीवरून देते, कारखानदार किमतीवरून देतो आणि गिऱ्हाईक आपल्या दारात आधी कोणते वाहन उभे होते त्यावरून देते. करकायद्याच्या दृष्टीने ४ मीटरपेक्षा लांब नसलेली आणि पेट्रोलवर चालत असल्यास १२०० सीसीपर्यंतचे, डिझेलवर चालत असल्यास १५०० सीसीपर्यंतचे इंजिन असलेली गाडी लहान ठरते. सीसी, म्हणजेच घनसेंटिमीटर, हे इंजिनाच्या सिलिंडरांतील आकारमानाचे माप होय. या चौकटीत साडेतीन लाखांची मारुती एस-प्रेसोही बसते आणि तिच्या तिपटीहून अधिक किमतीला जाणारी टाटा नेक्सॉनही बसते, पण या दोन गाड्या घेणारी माणसे एकाच वर्गातली आहेत असे कोणी म्हणणार नाही. मोटार कंपन्यांच्या विक्रीशास्त्राचा सारा व्याप या ठिकाणी सुरू होतो. मात्र गेल्या चार दशकांतील भारतीय अनुभव असा आहे, की गिऱ्हाइकांचे गट पाडणे कंपन्यांना कितीही अपरिहार्य असले, तरी ज्या गटासाठी गाडी बेतली त्याचे नाव गाडीवर उघडपणे चिकटले की तिचा खप बहुधा खुंटतो.

गट पाडण्याची ही रीत मोटारधंद्यात जुनीच आहे. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी मॉडेल टी ही एकच गाडी, काही वर्षे तर एकाच काळ्या रंगात, सर्वांना विकली आणि ती वर्षानुवर्षे स्वस्त करत नेली. उलट १९२०च्या दशकात जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत किमतीची शिडी रचली आणि उत्पन्न वाढेल तसे गिऱ्हाईक कंपनी न सोडता वरच्या पायरीवर जाईल अशी व्यवस्था केली. पुढे विपणनशास्त्राने या व्यवहाराचे तीन टप्पे मानले: गिऱ्हाइकांचे गट पाडणे, म्हणजे विभाजन, त्यांतून आपल्याला झेपणारा गट निवडणे, म्हणजे लक्ष्यनिश्चिती, आणि त्या गटाच्या मनात आपल्या वस्तूची विशिष्ट जागा तयार करणे, म्हणजे स्थाननिश्चिती. पहिले दोन टप्पे कंपनीच्या कार्यालयात पार पडतात, तिसरा मात्र गिऱ्हाइकाच्या डोक्यात पार पडतो आणि तिथे कंपनीची सत्ता फारशी चालत नाही.

भारतात बराच काळ असे गट पाडण्याची कोणाला गरजच नव्हती. उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी या परदेशात केव्हाच जुन्या झालेल्या आराखड्यांवरच्या गाड्या नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळत, आणि जिथे गिऱ्हाईकच विक्रेत्याच्या दारात रांग लावते तिथे त्याची आवडनिवड विचारण्याचे कारण उरत नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिली गेली तेव्हाही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन असलेली ही गाडी सुमारे पन्नास हजार रुपयांना मिळत होती आणि डॉक्टर, बँक अधिकारी, दुकानदार, निवृत्त न्यायाधीश असे सगळेच तिच्या रांगेत होते. या गाडीला विशिष्ट गिऱ्हाईक नव्हते आणि तेच तिचे बळ होते, कारण ती चालवणाऱ्याच्या ऐपतीबद्दल एवढेच कळत असे की त्याच्याकडे मोटार आहे. २०१४च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबेपर्यंत ती पंचवीस लाखांहून अधिक घरांत पोहोचली होती.

ही स्थिती बदलली ती १९९८मध्ये, जेव्हा ह्युंदाईची सॅन्ट्रो, देवूची मॅटिझ आणि टाटांची इंडिका या तीन लहान गाड्या काही महिन्यांच्या अंतराने बाजारात आल्या. ह्युंदाईचे नाव तेव्हा भारतात फारसे कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून कंपनीने गिऱ्हाइकाच्या मनातल्या शंकाच जाहिरातीत आणल्या: एक कोरियन अधिकारी शाहरुख खान यांच्याकडे जाहिरात करण्याची विनंती घेऊन जातो आणि ते त्याला तुम्ही कोण, तुमची गाडी आमच्या रस्त्यांवर टिकेल का, अशा अर्थाचे प्रश्न विचारतात. गाडीचा उंच, काहीसा बेढब आकार हा दोष ठरू शकला असता. परंतु त्या उंचीमुळे वाकून आत शिरावे लागत नाही आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बसणे-उतरणे सोपे जाते, हा गुण पुढे करून तिची जागा कुटुंबाची गाडी म्हणून ठरवली गेली. काही वर्षांनी, प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या वाढल्यावर, त्याच सॅन्ट्रोला ‘सनशाइन कार’ हे बिरुद देऊन तरुणांकडे वळवण्यात आले. यंत्र बहुतांशी तेच ठेवून त्याचे गिऱ्हाईक बदलण्याचा, म्हणजे पुनःस्थाननिश्चितीचा, हा भारतीय बाजारातील पहिल्या ठळक प्रयोगांपैकी एक होता.

टाटांच्या इंडिकेची कथा याहून गुंतागुंतीची आहे. पुण्यात घडलेल्या या गाडीची कल्पना रतन टाटा यांनी प्रतिस्पर्धी गाड्यांच्याच भाषेत मांडली होती: बाहेरून मारुती झेनएवढी, आतून अँबॅसडरइतकी ऐसपैस, किमतीला मारुती ८००च्या जवळपास आणि चालवायला डिझेलच्या खर्चाची. डिझेल त्या काळी पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते, त्यामुळे रोज पुष्कळ किलोमीटर चालणाऱ्यालाच या गाडीचा हिशेब सर्वाधिक जमत होता आणि असा माणूस म्हणजे प्रामुख्याने टॅक्सीवाला. पहिल्या गाड्यांतील दोष दूर करून आलेली इंडिका व्ही-टू भरपूर खपली, पण विमानतळावर, कॉल सेंटरच्या दारात आणि भाड्याच्या गाड्यांच्या तळांवर ती इतकी दिसू लागली की घरच्यासाठी गाडी घेणारा तिच्यापासून दूर सरकला. आपल्या गाडीला पांढऱ्या पाटीऐवजी पिवळी पाटी शोभली असती असे शेजाऱ्याला वाटावे, ही कल्पनाच मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाला सहन होण्यासारखी नव्हती. कंपनीने निवडलेल्या गटापेक्षा गाडीकडे आपण होऊन आलेला गट बलवान ठरला.

यापासून उद्योगाने घेतलेला धडा आजही रस्त्यावर वाचता येतो. मारुती आपल्या डिझायर, वॅगन-आर यांसारख्या गाड्यांची टॅक्सीसाठीची आवृत्ती ‘टूर’ या वेगळ्या नावाने विकते आणि टाटांनी २०२१मध्ये प्रवासी वाहतूक कंपन्यांसाठी ‘एक्सप्रेस’ हे स्वतंत्र नाव सुरू केले. गाड्यांचा सांगाडा मूळ खासगी गाडीचाच, पण नाव वेगळे असल्याने घरच्या गाडीच्या प्रतिष्ठेला धक्का बसत नाही, अशी ही योजना आहे.

नाव चिकटण्याच्या या धोक्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे नॅनो, आणि तिच्याकडे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण तिच्या अपयशाची जी कारणे एरवी सांगितली जातात ती खोटी नसली तरी अपुरी आहेत. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात तिचे दर्शन घडले आणि मार्च २००९मध्ये मुंबईत ती विक्रीस आली. पावसात एकाच स्कूटरवर बसून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचे रतन टाटा यांनी वारंवार सांगितले होते. मागच्या बाजूला ६२४ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन, एकच वायपर, चाकाला तीनच नट, मागून न उघडणारी डिकी, अशा शेकडो काटकसरींतून कारखान्याच्या दारातली १ लाख रुपयांची किंमत साधली होती आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते काम निःसंशय असामान्य होते. सुरुवातीला दोन लाखांवर नोंदण्या आल्या आणि पहिल्या लाखभर गाड्यांचे वाटप सोडत काढून झाले.

त्यानंतर जे घडले त्यात सिंगूरमधील भूसंपादनाच्या आंदोलनामुळे कारखाना गुजरातेत साणंदला हलवावा लागणे, त्यामुळे झालेला उशीर आणि काही गाड्यांना लागलेल्या आगींच्या बातम्या यांचा वाटा होता. तथापि साणंदचा कारखाना सुरू होऊन गाडी सहज मिळू लागल्यावरही तिचा खप वाढला नाही. वर्षाला अडीच लाख गाड्या काढण्याची क्षमता असलेल्या त्या कारखान्यातून सर्वाधिक विक्रीच्या वर्षात, म्हणजे २०११-१२मध्ये, सुमारे ७४,५०० नॅनो विकल्या गेल्या आणि २०१८मध्ये उत्पादन जवळजवळ थांबले. जगातील सर्वांत स्वस्त मोटार ही तिची ओळख बातम्यांनी केली आणि कंपनीने ती पुसली नाही. स्कूटर सोडून मोटार घेणारा माणूस काही हजारांची बचत करण्यासाठी मोटारीकडे वळत नसतो, कारण बचतच करायची तर स्कूटर त्याच्याकडे असतेच; त्याला आपल्या आयुष्यातला एक टप्पा ओलांडल्याची खूण हवी असते, आणि नॅनोने त्या खुणेवरच किंमत लिहून ठेवली होती. तीच रक्कम, किंवा थोडी अधिक, घालून तो जुन्या मारुती ८०० किंवा अल्टोकडे वळला, तर नॅनो अनेकदा अशा घरांत गेली जिथे आधीच एक मोठी गाडी होती आणि बाजारहाटासाठी दुसरी छोटी हवी होती. त्या घरांना स्वस्तपणाची लाज वाटण्याचे कारण नव्हते. निवृत्तीनंतर, २०१३मध्ये, रतन टाटा यांनीही सर्वांत स्वस्त गाडी म्हणून झालेला प्रचार चुकीचा होता असे मान्य केले. नंतर रंगीबेरंगी जाहिराती करून आणि पॉवर स्टिअरिंग, आपोआप बदलणारे गिअर, उघडणारी डिकी देऊन तिला शहरी तरुणांची गाडी बनवण्याचा प्रयत्न झाला, पण तोवर लोकांच्या मनातली जागा पक्की झाली होती.

येथे एक अपवाद ध्यानात घ्यावा लागतो. गाडीवर गटाचे नाव चालत नाही, कर्जावर मात्र ते उत्तम चालते. मारुतीने २००४मध्ये स्टेट बँकेच्या साहाय्याने मारुती ८००साठी दरमहा २५९९ रुपयांच्या, सात वर्षे चालणाऱ्या हप्त्याची योजना आणली, तेव्हा जाहिरातीचा विषय गाडी नव्हताच, तो आकडा होता. आणि तो दुचाकीवाल्याच्या पगारपत्रकाकडे पाहून ठरवला होता. त्याच सुमारास शिक्षकांसाठी खास कर्जयोजनाही आल्या. शिक्षकाचे उत्पन्न माफक पण निश्चित, बदली झाली तरी नोकरी कायम आणि गावात त्याच्या शब्दाला मान, त्यामुळे बँकेच्या दृष्टीने तो खात्रीचा कर्जदार आणि कंपनीच्या दृष्टीने गावातली चालतीबोलती जाहिरात होता. सवलत मिळताना ‘मी शिक्षक आहे’ हे सांगण्यात कमीपणा नाही; पण शिक्षकांसाठीची म्हणून वेगळी गाडी निघाली असती तर ती शिक्षकांनीही घेतली नसती.

ग्रामीण भागातही हाच मार्ग उपयोगी पडला. २००८च्या जागतिक मंदीत शहरांतील मागणी आटली तेव्हा मारुतीने गावोगावच्या स्थानिक तरुणांना विक्री-प्रतिनिधी नेमून ग्रामीण बाजाराकडे मोर्चा वळवला आणि एकूण विक्रीत जेमतेम तीन-चार टक्के असलेला ग्रामीण हिस्सा पुढील दशकात सुमारे एक तृतीयांशापर्यंत नेला. शेतकऱ्यासाठी वेगळी अल्टो बनवण्यात आली नाही. बदलले ते विकणारा माणूस, कर्जाच्या परतफेडीची वेळ आणि सर्व्हिसिंगची सोय. शहरात पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि धनत्रयोदशी यांभोवती फिरणारे विक्रीचे वेळापत्रक गावात पिकाचे पैसे हाती येण्याशी जुळवावे लागते, एवढा फरक पुरेसा ठरला.

सर्व गटांत समान असा एकच प्रश्न कंपन्यांना सापडला, तो म्हणजे गाडी अ‍ॅव्हरेज किती देते. मारुतीने ‘कितना देती है’ या जाहिरातमालिकेत हा प्रश्न चक्क अंतराळयानासारख्या यंत्रांबाबत विचारायला लावला. भारतीय गिऱ्हाइकाच्या काटकसरीची ही थट्टा कोणालाही बोचली नाही, याचे कारण ती एका वर्गाची नव्हती. आलिशान गाडीचा मालकही हाच प्रश्न विचारतो हे सर्वांना ठाऊक होते. काटकसर आणि स्वस्ताई यांतला हा सूक्ष्म भेद नॅनोच्या विक्रेत्यांना साधला असता, तर तिचे भवितव्य कदाचित वेगळे झाले असते.

गिऱ्हाइकांच्या गटांच्या सीमा जाहिरातकार आखतात हा समजही तपासून घ्यावा असा आहे. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात वर सांगितलेल्या लांबीच्या आणि इंजिनाच्या मर्यादेतील गाड्यांवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले आणि त्या एका वाक्याने पुढील वीस वर्षांच्या गाड्यांचे आकार ठरवले. वेगळी डिकी असलेली सेदान हे प्रतिष्ठेचे लक्षण मानणाऱ्या, पण मोठ्या सेदानची किंमत न परवडणाऱ्या कुटुंबांसाठी टाटांनी २००८मध्ये इंडिगो सीएस ही शेपूट आखूड केलेली गाडी काढली, मारुतीने २०१२मध्ये डिझायर कापून ४ मीटरच्या आत बसवली आणि होंडाने २०१३मध्ये अमेझ आणली. या गाड्यांची मागची बाजू पाहून सौंदर्याचे जाणकार नाक मुरडत असले, तरी सासुरवाडीला जाताना डिकीवाली गाडी असणे ज्यांना महत्त्वाचे वाटते त्या गिऱ्हाइकाला मागचे प्रमाण किंचित बिघडल्याचे सोयरसुतक नव्हते.

आखूड सेदाननंतर आखूड एसयूव्ही आल्या. एसयूव्ही म्हणजे मुळात खडबडीत वाटेवर चालण्यासाठी केलेली उंच, दणकट गाडी. भारतीय लहान एसयूव्हीने तिची उंची आणि ऐट तेवढी घेतली. फोर्डची इकोस्पोर्ट, मारुतीची ब्रेझा आणि टाटांची नेक्सॉन या मधल्या किमतीच्या गाड्यांनी ही वाट रुंद केली, पण या शोधाचे सर्वांत धीट उदाहरण रेनोची २०१५मधील क्विड हे होय. किंमत अल्टोच्या जवळपास, इंजिन ८०० सीसीचे, पण जमिनीपासूनची उंची १८० मिलिमीटर, चाकांभोवती काळ्या प्लॅस्टिकची जाड किनार आणि आत टचस्क्रीन. गिऱ्हाईक नॅनोच्याच वर्गाशेजारचे होते, परंतु येथे त्याला ‘तुला परवडणारी’ असे न म्हणता डोंगरदऱ्यांची स्वप्ने दाखवली गेली. याच वाटेने २०२१मध्ये आलेली टाटा पंच २०२४ या वर्षात देशातील सर्वाधिक खपाची मोटार ठरली आणि चार दशके मारुतीकडे असलेला तो मान टाटांकडे गेला. लहान गाडी विकण्याचा सध्याचा सर्वांत यशस्वी उपाय ती लहान नसल्याचा भास निर्माण करणे हा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

स्त्री गिऱ्हाइकांच्या बाबतीत नाव घेण्याची चूक परदेशात ठळकपणे झाली. अमेरिकेत डॉजने १९५५-५६मध्ये गुलाबी-पांढऱ्या रंगाची, जुळणारी पर्स आणि छत्री सोबत देणारी ‘ला फाम’ काढली, ती दोन वर्षांत गुंडाळावी लागली; तरीही जपानमध्ये होंडाने २०१२मध्ये फिट या गाडीची ‘शीज’ ही गुलाबी आवृत्ती, त्वचेची काळजी घेणाऱ्या वातानुकूलनासह, काढलीच. भारतात हा गट अधिक हुशारीने हाताळला गेला. २०१४मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आलेल्या एएमटी तंत्रात साध्याच गिअरबॉक्सवरचे क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम एक यंत्रणा करते, त्यामुळे पूर्ण स्वयंचलित गाडीपेक्षा अशी गाडी बरीच स्वस्त पडते. शहरात एकट्याने गाडी चालवणाऱ्या स्त्रियांचा मोठा वर्ग तिच्याकडे वळेल ही अपेक्षा उघड होती, पण प्रचारात भर राहिला तो वाहतूककोंडीवर, जी पुण्यात काय आणि बेंगळुरूत काय, पुरुषांच्याही गुडघ्यांना सारखाच त्रास देते.

एकाच कंपनीची गाडी आधी घेतलेले, पण आता अधिक कमावणारे गिऱ्हाईक हा आणखी एक अवघड गट आहे. मारुतीने २०१५मध्ये ‘नेक्सा’ ही काळ्या-पांढऱ्या सजावटीची वेगळी दालने उघडली, कारण दहा लाखांची गाडी घेणाऱ्याला अल्टोच्या शेजारी बसून कागदपत्रांवर सह्या करणे रुचणार नव्हते. याहून मासलेवाईक प्रकार म्हणजे २०१९मधील टोयोटा ग्लान्झा, जी बिल्ला आणि किरकोळ तपशील सोडता मारुती बलेनोच होती. तेव्हा मारुतीची हमी दोन वर्षांची होती तर टोयोटाची तीन वर्षांची, एवढ्या फरकावर टोयोटाच्या नावावर विश्वास असलेला वेगळा गट मिळवता आला.

सुरक्षितता हा मुद्दा बराच काळ लहान गाड्यांच्या जाहिरातीत नव्हताच. जानेवारी २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने अल्टो, नॅनो, आय-टेन यांसह भारतातील पाच लहान गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या आदळून पाहिल्या आणि पाचांनाही प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. टाटांनी पुढे नेक्सॉन, अल्ट्रोझ या गाड्यांना मिळालेल्या पाच ताऱ्यांभोवती प्रचार उभारला आणि अ‍ॅव्हरेजच्या प्रश्नाशेजारी दुसरा प्रश्न प्रथमच उभा राहिला. हाही गट न सांगता निवडलेला आहे: मागच्या सीटवर मुले बसवणारा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल म्हणणारा पालक.

या साऱ्या चढाओढीत सर्वांत खालची पायरी मात्र रिकामी होत गेली. एअरबॅगची सक्ती आणि एप्रिल २०२०पासूनचे बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आवश्यकच होते, पण त्यांचा खर्च पन्नास लाखांच्या गाडीत विरून जातो आणि चार लाखांच्या गाडीत ठळक दिसतो. दुचाकीवरून चारचाकीवर येणारा वर्ग या दरवाढीने अडून राहिल्याची तक्रार मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव अनेक वर्षे करत आले आहेत. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला, एस-प्रेसोची सुरुवातीची किंमत ३ लाख ४९ हजार ९०० रुपये झाली आणि मारुतीने दुचाकीस्वारांना डोळ्यांपुढे ठेवून दरमहा १९९९ रुपयांपासूनच्या हप्त्याची योजना जाहीर केली. २००४च्या २५९९पेक्षा हा आकडा लहान आहे, एकवीस वर्षांची महागाई मधे गेली असूनही. आणि या खेपेसही दुचाकीवाल्याचे नाव घेतले गेले ते हप्त्याच्या संदर्भात, गाडीच्या नव्हे.